आपलाच कापलेला पैसा मागायला कसली भीड?

‘आमचा इन्कम टॅक्सशी काय संबंध?’ हे वाक्य आमच्या मोहल्ल्यात मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर वाद घालत नाही. समोरच्याचा पॅन क्रमांक विचारतो, मोबाइल पुढे करतो आणि फॉर्म २६एएस उघडायला सांगतो. महिन्याला अठरा-वीस हजार कमावणाऱ्या माणसाला कर लागत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच असतं. पण त्याने कर भरलेला नाही, हे मात्र बऱ्याचदा चुकीचं निघतं. त्याच्या हातात पैसे पडायच्या आधीच कोणीतरी त्यातला काही भाग कापून त्याच्या नावाने सरकारकडे भरलेला असतो. त्यालाच टीडीएस म्हणतात. वर्षाच्या शेवटी कर शून्य निघत असेल, तर तो सगळा पैसा त्याचा असतो. फक्त मागावा लागतो. न मागितला तर सरकार आपण होऊन देत नाही.

ठेकेदारीच्या कामावर, म्हणजे माल पोचवणं, शिलाईचं जॉबवर्क, फॅब्रिकेशन, रंगकाम अशा कामावर, एका बिलाला ३० हजार किंवा वर्षभरात १ लाखाच्या वर रक्कम गेली की १ टक्का कापतात. कमिशनवर काम करणाऱ्यांचे १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ टक्के कापले जायचे, आता २ टक्के जातात. सगळ्यात जास्त मार बसतो तो ‘व्यावसायिक फी’ या नावाखाली पगार घेणाऱ्यांना, कारण तिथे १० टक्के कापतात. खासगी दवाखान्यातला एक्स-रे टेक्निशियन, कोचिंग क्लासमध्ये शिकवणारी मुलगी, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, ही सगळी माणसं नोकरदारासारखीच राबतात. कागदावर मात्र ती ‘सल्लागार’ असतात. मालकाला ते सोयीचं पडतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही.

आता हिशोब करा. महिन्याला १८,००० म्हणजे वर्षाचे २,१६,०००. त्यातून १० टक्के गेले, म्हणजे २१,६००. एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त! आणि या उत्पन्नावर कर किती? जुन्या पद्धतीने अडीच लाखांपर्यंत काहीच नाही. नव्या पद्धतीत तर करमुक्तीची मर्यादा आणखी वर गेली आहे. म्हणजे सगळेच्या सगळे २१,६०० रुपये परत मिळायला हवेत. असं चार वर्षं चाललं असेल तर ८६,४०० होतात. एवढ्यात बहिणीची नर्सिंगची फी निघते, अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं किंवा सावकाराकडे गहाण पडलेली रिक्षा सुटते.

पॅन दिलेलाच नसेल, किंवा आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते. वर्षाला ४३,२००. आपल्या समाजात हे इतरांपेक्षा जास्त घडत असावं, असा माझा अंदाज आहे. त्याचं कारण आपल्या नावांत आहे. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, पॅनवर नुसतं ‘एमडी’, आधारवर ‘मोहम्मेद’, बँकेत ‘मोहद’. आडनाव शेख कुठे नावाच्या आधी, कुठे नंतर, कुठे गायबच. इंग्रजी स्पेलिंगचा तर हिशोबच नको. लग्नानंतर एका कागदावर नवऱ्याचं नाव लागलेलं आणि दुसऱ्यावर न लागलेलं, ही आपल्या बहिणींची वेगळीच कथा. कॉम्प्युटर ‘एमडी’ला मोहम्मद मानत नाही. जोडणी होत नाही, पॅन निष्क्रिय राहतो. मग दुप्पट कपात होते आणि रिफंडही अडकतो. १ जुलै २०२३ पासून हे असंच चालू आहे. आधी आधार किंवा पॅन यांपैकी एकावरचं नाव दुरुस्त करायचं, मग १,००० रुपये दंड भरून जोडणी करायची, आणि त्यानंतर बँक खातं त्याच नावाने पोर्टलवर पडताळून घ्यायचं. कटकट आहे, मान्य. पण ४३,२०० रुपयांसमोर ही कटकट मोठी नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं, की मुस्लीम कामगारांत स्वयंरोजगार आणि घरातून चालणाऱ्या कामांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत ते कमी आहेत. आपण हे वाक्य भाषणात वापरतो आणि पुढे जातो. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की नियमित नोकरदाराला कंपनीचा अकाउंटंट दरवर्षी फॉर्म १६ हातात देतो, रिटर्न भरायची आठवण करतो. फुटकळ बिलांवर जगणाऱ्याला असा अकाउंटंट नसतो. त्याने मागितल्याशिवाय फॉर्म १६ए त्याच्या हातात पडत नाही, आणि असं काही मागायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं.

तरुण वाचकांना मला खास सांगायचं आहे ते मागच्या वर्षांबद्दल. आर्थिक वर्ष संपलं की रिटर्नची एक मुदत असते. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं आणि त्यात रिफंडही मागता येतो. (२०२५ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या नव्या आयकर विधेयकात मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याचा रिफंडचा हक्कच काढून घेणारं कलम होतं. प्रवर समितीने आक्षेप घेतला आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ते गेलं. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर एक ओळ तरी लिहिली?) ३१ डिसेंबरही गेला की बहुतेक सल्लागार म्हणतात, ‘आता काही होत नाही, विसरा.’

विसरायचं कारण नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ११९(२)(ब) नुसार झालेला उशीर माफ करून घेता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्रमांक ११/२०२४ प्रमाणे त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज करता येतो. पूर्वी सहा वर्षं मिळायची, ती एकाने कमी केली. म्हणजे आर्थिक वर्ष २०२०-२१ साठी, त्याच लॉकडाऊनच्या वर्षासाठी, ३१ मार्च २०२७ पर्यंत अर्ज चालतो. २०२१-२२ साठी ३१ मार्च २०२८ पर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी या जुन्या वर्षांचे दावे जुन्या कायद्यानेच चालतात.

अर्ज आयकराच्या पोर्टलवरूनच करायचा. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’ असा पर्याय आहे. उशीर का झाला, रक्कम किती आणि कोणाकडून कापली गेली हे लिहायचं, २६एएस, फॉर्म १६ए आणि बँकेचा उतारा जोडायचा. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय आयकर आयुक्तांच्या पातळीवर होतो, म्हणजे आपल्यासारख्यांचं काम तिथेच संपतं. शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं परिपत्रकच सांगतं. मंजुरी आली की त्या आदेशाच्या आधारे त्या वर्षाचं रिटर्न भरायचं आणि ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करायची. इतकी मेहनत करून ही शेवटची पायरी विसरणारे खूप भेटतात. पडताळणी नसेल तर ते रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

दोन गोष्टींत फसगत होते. एक, ‘अपडेटेड रिटर्न’. चार वर्षांपर्यंत भरता येतं म्हणून एजंट तेच भरायला सुचवतात. पण ते जास्तीचा कर भरण्यासाठी असतं, त्यातून रिफंड मागता येत नाही. दुसरी गोष्ट, ज्याने पैसे कापले त्याने ते भरलेच नाहीत तर. आमच्याकडे एका ठेकेदाराकडचे कामगार आले होते. प्रत्येकाच्या हिशोबात ‘टीडीएस’ म्हणून कपात दिसत होती, २६एएस मात्र कोरा. म्हणजे सरकारच्या नावावर त्याने स्वतःचा खिसा भरला होता. अशा वेळी खातं तुमच्याकडून तोच कर पुन्हा वसूल करू शकत नाही, पण रिफंड मात्र लटकतो. म्हणून कपातीचा पुरावा, मजुरीची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हिशोबसुद्धा जपून ठेवा, आणि २६एएस दर तीन महिन्यांनी बघा. वर्षाच्या शेवटी ठेकेदार सापडेलच असं नाही.

यावर आपली पोरं काय म्हणतात? सगळ्यात मोठी गोष्ट भीतीची. ‘रिटर्न भरलं की नोटीस येईल’, ‘एकदा नजरेत आलो की सुटका नाही’. या भीतीला मी हसत नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात घराघरांतून कागद बाहेर निघाले होते. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा सातबारा, जुनी मतदारयादी, सगळं लॅमिनेट करून प्लास्टिकच्या फायलीत गेलं. कागद जपायची सवय आपल्याला त्या भीतीने लावली. पण ती फाइल आपण फक्त स्वतःला सिद्ध करण्यासाठी ठेवली, काही मागण्यासाठी कधी उघडलीच नाही. आणि नजरेत येण्याचं म्हणाल, तर तुमच्या पॅनवर टीडीएस भरला गेला त्या दिवसापासून तुम्ही नजरेत आहातच. तुमचं नाव, रक्कम, कापणाऱ्याचा क्रमांक, सगळं त्यांच्याकडे आहे. रिटर्न न भरल्याने तुम्ही लपत नाही, फक्त पैसे तिथे राहतात.

दुसरा प्रश्न दीनदार मुलांचा असतो, आणि तो रास्त आहे: रिफंडवर सरकार व्याज देतं, मग ते रिबा नाही का? मूळ रिफंड हा तुमच्याच मजुरीचा राखून ठेवलेला हिस्सा आहे, त्यात व्याजाचा प्रश्नच येत नाही. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडवर महिना अर्धा टक्का व्याज मिळू शकतं. ते वेगळं काढून सवाबाची नियत न ठेवता गरजूला द्यावं, असा सल्ला अनेक आलिम देतात. तुमच्या आलिमांना विचारा. पण उशीर माफ करून घेतलेल्या जुन्या दाव्यांवर व्याज मिळतच नाही, परिपत्रकात तसं स्पष्ट आहे. तेव्हा पाच वर्षांपूर्वीचे २१,६०० आज २१,६०० च मिळणार. रिबाचा सवाल मिटला, महागाईचा मात्र उरला.

तिसरं म्हणणं लाजेचं. ‘सरकारकडे हात काय पसरायचा?’ हात पसरणं वेगळं आणि आपली अमानत परत मागणं वेगळं. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती मालकाला लावतो. मजुरीचा काही भाग सरकारने ठेवून घेतला असेल, तर ती त्यालाही लागू व्हायला हवी.

आता जरा आपल्या संस्थांबद्दल. रमजानमध्ये जकातीच्या रांगा लागतात. त्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काही घरांत कमावता मुलगा कुठल्यातरी गोदामात किंवा दवाखान्यात ‘फी’वर काम करतो. त्याचे वीस-पंचवीस हजार सरकारकडे पडून असतात आणि त्याची आई दोन हजारांच्या रेशन किटसाठी उन्हात उभी असते. जकात देणाऱ्याची नियत उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बैतुलमालच्या फॉर्मवर जिथे ‘घरात कमावणारे किती’ विचारतात, तिथेच ‘कोणाचा टीडीएस कापला जातो का?’ असा एक प्रश्न घालायला काय जातं? मशिदीच्या ट्रस्टकडे खोली आहे, वीज आहे, जुम्माला माणसं आहेत. मोहल्ल्यात बी.कॉम. झालेली, सीएची आर्टिकलशिप करणारी मुलंमुली आता आहेत. रविवारचे तीन तास दोघातिघांनी दिले तरी महिन्याला पंधरा-वीस घरांचं काम होतं. आमच्या वाचनालयात आम्ही हेच करतो. एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि चहा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली तेव्हा क्लासेसमध्ये शिकवणाऱ्या, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या मुली यायला लागल्या, आणि सगळ्यात मोठे रिफंड त्यांचेच निघाले, कारण त्यांचे १० टक्के कापले जात होते.

हे काम आपण केलं नाही तर दुसरं कोणीतरी करणार आहे, आणि ते वाईट आहे. ‘रिफंड काढून देतो, वीस टक्के आमचे’ म्हणणारे एजंट आता गल्लीगल्लीत आहेत. खरा रिफंड छोटा दिसला की ते रिटर्नमध्ये खोटं घालतात: न दिलेलं घरभाडं, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, नसलेला आजार. पैसे येतात, एजंट आपला वाटा घेऊन फोन बंद करतो, आणि दोन वर्षांनी नोटीस येते ती तुमच्या नावावर. उत्पन्न खोटं दाखवल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. २०२५ च्या जुलैमध्ये आयकर खात्याने अशा बोगस वजावटींच्या एजंटांवर देशभर छापे घातले होते. आपल्याकडे नियम एकच: २६एएसमध्ये दिसतं तेवढंच मागायचं, एक रुपया जास्त नाही. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी कोणाला द्यायचा नाही, आम्हालाही नाही. तुमच्या हाताने टाका, आम्ही शेजारी बसतो.

पण सगळा भार मोहल्ल्यावर आणि कामगारावरच टाकून मी सरकारला सोडणार नाही. बँकेत ठेव असलेल्या माणसाचं उत्पन्न करपात्र नसेल, तर तो एक साधा फॉर्म भरून देतो आणि बँक त्याच्या व्याजावर कर कापत नाही. तीच सोय ठेकेदारीच्या मजुरीला नाही, ‘फी’ला नाही, कमिशनला नाही. त्यांना कपात थांबवायची तर आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करून वेगळं प्रमाणपत्र आणावं लागतं. म्हणजे ज्याचा पैसा घरी बसून वाढतो त्याच्या शब्दावर विश्वास, आणि जो हातांनी कमावतो त्याने आधी पैसे द्यायचे, मग पुरावे गोळा करून परत मागायचे. हा भेदभाव कायद्यात लिहिलेला आहे. तो जातीधर्माचा नाही, पण त्याचा फटका कोणत्या वस्त्यांना बसतो हे सांगायला नको.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य केला. मोठी बातमी झाली. मग दोन लाख सोळा हजार कमावणाऱ्याचे १० टक्के अजून का कापले जातात? खात्याकडे पॅन आहे, आधार आहे, वर्षाची सगळी कपात नोंदलेली आहे. ब्रिटनमध्ये पगारातून जास्त कर कापला गेला तर बहुतेक वेळा कर खातंच वर्षाअखेरीस हिशोब करून कामगाराला कळवतं. आपल्याकडे निदान एवढं तरी करा, की ठरावीक मर्यादेखालच्या प्रत्येक पॅनधारकाला त्याच्या भाषेत एक एसएमएस जावा: तुमच्या नावावर इतके रुपये आहेत, ते परत मिळू शकतात. थकबाकीच्या वसुलीचे एसएमएस तर वेळेवर येतात.

आणि पाच वर्षांच्या त्या अर्जात ‘खरीखुरी अडचण’ दाखवा, अशी अट आहे. दरमहा अठरा हजारांवर जगणाऱ्याकडे वर्षाचे एकवीस हजार नसणं याहून मोठी अडचण कोणती? तरीही अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो, कारण दुसरं काही लिहून द्यायला कोणी धजत नाही. छोट्या रकमांसाठी ही माफीची पायरीच काढून टाकावी, पाच वर्षांपर्यंतचा २५ किंवा ५० हजारांच्या आतला दावा थेट रिटर्नने करू द्यावा. ही मागणी आमदार-खासदारांकडे, कामगार संघटनांकडे आपण घेऊन जायला हवी. त्यात मुस्लीम असं काही नाही. तासिका तत्त्वावरचा मराठा प्राध्यापक, दवाखान्यातली दलित नर्स आणि मुंब्र्याचा डिलिव्हरी करणारा पोरगा एकाच कागदावर सही करू शकतील, असे विषय आपल्याकडे फार थोडे आहेत. हा त्यातला एक आहे.

तोवर आपलं काम आपण करू. घरात कोणाचे पैसे ‘फी’, ‘कमिशन’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणून येतात ते विचारा. पोर्टलवर पॅनने नोंदणी करा, २६एएस उघडा, आणि करनिर्धारण वर्ष २०२१-२२ पासून प्रत्येक वर्ष एकेक करून बघा. त्या पहिल्या वर्षाची खिडकी ३१ मार्च २०२७ ला बंद होते.